संशयावरून पुकारलेले युद्ध

शत्रूने वार करण्यापूर्वी आपणच वार करावा, असा एक सिद्धांत अमेरिकेने 2002 साली आपल्या परराष्ट्रीय धोरणात उघडपणे लिहून ठेवला. त्याचा विचार इंदापुरात बसून कशाला करावयाचा, असे कोणी विचारील. अमेरिकेचे सैन्य उजनीच्या काठावर उतरण्याचा काही संभव नाही. प्रश्न रास्त आहे. परंतु 'उद्याच्या भयावरून आज युद्ध' ही गोष्ट अमेरिकेने शोधून काढलेली नाही. ती आपल्या मुलखाने दोनशे वर्षांपूर्वी भोगली आहे, आणि तिचा पहिला तडाखा येथून फार दूर नसलेल्या नगरच्या किल्ल्याला बसला आहे. तेव्हा हा विषय परका नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पंडितांच्या पद्धतीने नव्हे, आमच्या पद्धतीने आम्ही तो मांडतो.

प्रथम शब्दांचा घोळ सोडवला पाहिजे, कारण सगळी गोम तेथेच आहे. समोरच्याने काठी उगारली आहे, ती खाली यायला क्षणाचाच अवकाश आहे, अशा वेळी आपण त्याचा हात धरला किंवा आधी टोला हाणला, तर त्याला 'अगाऊ वार' म्हणू. इंग्रजीत याला प्रिएम्प्टिव्ह म्हणतात. दुसरा प्रकार निराळा आहे. शेजारी तालमीत जाऊ लागला आहे, त्याचे आपल्याशी पटत नाही, दोन वर्षांनी तो आपल्यापेक्षा बलवान होईल, म्हणून आजच त्याचे हातपाय मोडून ठेवावे, हे झाले 'प्रतिबंधक युद्ध', इंग्रजीत प्रिव्हेन्टिव्ह. पहिल्यात धोका डोळ्यांना दिसतो. दुसऱ्यात तो फक्त मनात असतो. अमेरिकेने 2002 साली केले ते हे, की दुसऱ्या प्रकारच्या मालावर पहिल्या प्रकारचे लेबल चिकटवले.

पहिल्या प्रकाराला कायद्याने अगदीच मनाई केलेली नाही. त्याचे माप मोठ्या गमतीच्या प्रसंगातून ठरले. 1837 च्या डिसेंबरात, कॅनडातील बंडखोरांना सामान पुरवणारी 'कॅरोलाइन' नावाची आगबोट ब्रिटिश शिपायांनी अमेरिकेच्या हद्दीत घुसून जाळली आणि नायगाराच्या प्रवाहात सोडून दिली. एक अमेरिकन माणूस ठार झाला. ब्रिटिश म्हणाले, आम्ही स्वसंरक्षण केले. तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी 1841 साली त्यांना लेखी बजावले, की धोका अगदी उंबऱ्यावर आलेला, विचाराला क्षणाचीही सवड न देणारा आणि दुसरा कोणताही उपाय न उरलेला असेल, तरच असा वार क्षम्य ठरतो, तोही गरजेपुरताच. हे माप जगाने मान्य केले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढे जर्मनीचे वकील म्हणाले, की आम्ही नॉर्वेवर चाल केली ती केवळ शत्रू तेथे येणार होता म्हणून. 1946 च्या निकालात न्यायाधीशांनी हेच वेब्स्टरचे माप लावून तो बचाव फेटाळला. म्हणजे मापही अमेरिकेचे आणि ते पुढे वाकवलेही अमेरिकेनेच! 1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने तर ही वाट आणखी अरुंद केली. सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण करावे, एरवी सुरक्षा समितीकडे जावे, असे ती सांगते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने आपल्या बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. त्याच महिन्याच्या 25 तारखेस, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरजवळ होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित फौजेला धूळ चारली. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईस जाऊन 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने तह लिहून दिला. कंपनीचे निदान सहा हजार पायदळ कायम पदरी ठेवावयाचे, त्यासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, आणि इंग्रजांशी वैर असलेल्या कोणाही युरोपियनास चाकरीस ठेवावयाचे नाही, ही त्यातली मुख्य कलमे. तिसरे कलम ध्यानात ठेवावे. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याच्या मनात त्या वेळी फ्रेंचांचे भय घर करून बसले होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पेराँ नावाचा फ्रेंच सेनापती होता, गंगा-यमुनेच्या दुआबात त्याचा मोठा अंमल होता, आणि यमुनेच्या काठी हे एक फ्रेंच राज्यच उभे राहिले आहे, उद्या नेपोलियन इकडे वळला तर हेच त्याचे दार होईल, असा वेलस्लीचा सिद्धांत होता. चार वर्षांपूर्वी टिपूवर चाल केली तीही फ्रेंचांशी असलेल्या त्याच्या संधानाचे कारण पुढे करून.

हे भय पूर्णपणे बनावट होते असे आम्ही म्हणणार नाही. 1803 साली नेपोलियनने खरोखरीच एक सेनापती थोड्या सैन्यानिशी पाँडिचेरीला धाडला होता. शिंद्यांच्या बाजूनेही तोल सुटला. इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स याने थेट विचारले, तेव्हा नागपूरकर भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की तह ते कळवू, असे उत्तर दौलतराव शिंद्यांनी दिले. असे उत्तर हाती पडले की दुसऱ्या बाजूच्या गरम डोक्यांचे काम फत्ते होते, हे वाटाघाटीच्या टेबलाला बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. शिंदे व भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ होत्या. त्या हटवा, असा आर्थर वेलस्लीचा, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाचा, हट्ट. मराठ्यांचे म्हणणे असे पडले, की दोन्ही पक्षांनी एक दिवस ठरवून मागे जावे: आम्ही बऱ्हाणपुराकडे जातो, तुम्ही आपल्या फौजा मद्रास, मुंबई व श्रीरंगपट्टणाच्या छावण्यांत न्या. आमच्या दृष्टीने यापेक्षा सरळ तडजोड नाही. संपही असाच मिटतो. दोघांनी एकाच दिवशी एकेक पाऊल मागे घ्यावे लागते. इंग्रजांनी ती मानली नाही. 8 ऑगस्ट 1803 रोजी नगरच्या पेठेवर शिड्या लागल्या, 12 तारखेस किल्ला पडला. 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत एकट्या कंपनीच्या बाजूचे दीड हजारांवर लोक ठार व जखमी झाले; मराठ्यांची हानी त्याहून मोठी.

आणि ते यमुनेकाठचे भयंकर फ्रेंच राज्य? 4 सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला आणि त्याच सुमारास पेराँसाहेब शिंद्यांची चाकरी सोडून, आपली मिळकत सांभाळीत इंग्रजांच्या स्वाधीन झाले. दिल्लीच्या लढाईनंतर उरलेल्या फ्रेंच अंमलदारांनीही तोच मार्ग धरला. नेपोलियनसाठी दार उघडणारे हेच ते लोक! 1 नोव्हेंबरला लासवाडीस शिंद्यांच्या पलटणी अखेरपर्यंत लढल्या, तेव्हा त्यांना हुकूम द्यायला हे गोरे साहेब शिल्लकच नव्हते. भय फ्रेंचांचे होते. पण वर्षाअखेरीस तह झाले त्यांत शिंद्यांकडून दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच आणि नगरचा किल्ला गेला आणि भोसल्यांकडून कटक गेले. कटकेत कोणता फ्रेंच दडून बसला होता? बंगाल आणि मद्रास यांच्या मधला तो दुवा कंपनीला हवा होता, एवढेच. इकडे दख्खनमध्ये 1803-04 चा मोठा दुष्काळ पडला आणि फौजांनी आधीच तुडवलेल्या गावांची दैना झाली. खुद्द कंपनीचे संचालक खर्चाने आणि कर्जाने हैराण झाले, आणि वेलस्ली 1805 साली विलायतेस परतला. मुलूख मात्र कोणी परत दिला नाही.

ही हकीकत जरा विस्ताराने सांगितली, कारण 2003 सालच्या इराक युद्धाचा सगळा साचा तीत आहे.

मधल्या काळात अमेरिकेने हा साचा नाकारला होता, हेही सांगणे न्यायाचे आहे. 1950 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे नौदलमंत्री मॅथ्यूज यांनी बोस्टनच्या भाषणात शांततेसाठी आपणच युद्ध सुरू करण्याची भाषा केली. सरकारने लगेच कानांवर हात ठेवले, आणि 1 सप्टेंबरला अध्यक्ष ट्रूमन यांनी आकाशवाणीवरून सांगितले की प्रतिबंधक युद्धावर आमचा विश्वास नाही. रशियावर आधीच बाँब टाकावे असे बोलणारे विमानदलाच्या युद्धविद्यालयाचे प्रमुख जनरल अँडरसन यांना निलंबित करण्यात आले. आयसेनहॉवर स्वतः सेनापती. पण 1954 साली त्यांनीही या कल्पनेला थारा दिला नाही.

सर्वांत कठीण परीक्षा 1962 च्या ऑक्टोबरात झाली. आपल्याकडे तो महिना चिनी आक्रमणाचा म्हणून लक्षात आहे, ज्यानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. त्याच दिवसांत क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रे सापडली होती, आणि अमेरिकेचे सेनाप्रमुख क्यूबावर हवाई हल्ला करा म्हणून अध्यक्ष केनेडींच्या मागे लागले होते. अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट यांना जपानने पर्ल हार्बरवर केलेल्या हल्ल्याची आठवण झाली. आपणही तेच करणार काय, असा त्यांचा रोख होता. केनेडींनी हल्ल्याऐवजी समुद्रात नाकेबंदी केली आणि पडद्याआड बोलणी केली. तीस वर्षांनी, 1992 साली, जे उघड झाले ते ऐकून त्या वेळचे मंत्रीसुद्धा हादरले. क्यूबात रशियन सैनिक दहा हजारांच्या आसपास असावेत असा हेरखात्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते चाळीस हजारांवर होते, आणि रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रे त्यांच्याजवळ पोचलेली होती. हल्ला करा म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. अगाऊ वार करणारा नेहमी म्हणतो, मला शत्रूची पक्की बातमी आहे.

11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे सुमारे तीन हजार माणसे मारली गेली आणि अमेरिकेचा नूर पालटला. तो संताप समजण्यासारखा होता. परंतु 1 जून 2002 रोजी वेस्ट पॉइंट येथे अध्यक्ष धाकटे बुश यांनी जे सांगितले आणि सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षा धोरण म्हणून जे प्रसिद्ध झाले, त्यात एक नवीच गोष्ट होती: धोका पूर्ण आकाराला येईपर्यंत थांबणे परवडणार नाही, शत्रू कोठे, केव्हा वार करील हे अनिश्चित असले तरी आम्ही आधी वार करू. अनिश्चित असले तरी! वेब्स्टरच्या मापातला मुख्य खुंटाच येथे उपटला गेला.

हे शब्द वाचून आम्हा युनियनवाल्यांना एका जुन्या कागदाची आठवण झाली. मोर्चाच्या किंवा संपाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना नोटीस येते. तीत लिहिलेले असते, की तुमच्या हातून शांततेचा भंग होण्याचा संभव आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107 व 151 कलमांखाली होत असे. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्या कलमांचे आकडे 126 व 170 झाले, बोलीभाषेत मात्र 'चॅप्टर केस' हेच नाव चालते. आमच्यापैकी कितीएकांनी अशा नोटिसा जमवून ठेवल्या आहेत. केलेल्या गुन्ह्याचा जबाब देता येतो, पण न केलेल्या, 'करण्याचा संभव असलेल्या' गुन्ह्याचा जबाब कसा द्यावा, हे कोड्यात टाकणारे आहे. मी दंगा करणार नव्हतो, हे सिद्ध कसे करणार? शांत राहिलो, तर म्हणतील, नोटिशीमुळे शांत राहिला.

तरीपण या कायद्यात एक गोष्ट आहे. तक्रार पोलिसाची असते, परंतु ऐकणारा दंडाधिकारी निराळा असतो, बहुधा तहसीलदार. त्याच्यापुढे उभे राहून आपले म्हणणे मांडता येते. जामीन देता येतो. 170 खाली धरलेल्या माणसाला दुसरा काही आरोप नसेल तर चोवीस तासांवर कोंडून ठेवता येत नाही. वर न्यायालय आहे. ही व्यवस्था किती बरी चालते याबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. पण ती आहे. प्रतिबंधक युद्धात फिर्यादी, साक्षीदार, दंडाधिकारी आणि शिपाई या चारही जागा एकच जण घेतो, आणि शिक्षा एका माणसाला नव्हे, देशाला होते. ज्याचे हात सर्वांत लांब त्याचीच शंका तेवढी ग्राह्य ठरते. दुबळ्या राष्ट्राला बलाढ्याचे कितीही खरे भय वाटले तरी त्याच्या भयाची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

इराकच्या बाबतीत तर झडती चालूच होती. सुरक्षा समितीने 8 नोव्हेंबर 2002 रोजी ठराव केला, आणि हान्स ब्लिक्स यांच्या हाताखालच्या तपासनिसांनी महिनाअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सुमारे सातशे तपासण्या केल्या. कारखान्यात इन्स्पेक्टर येतो म्हणजे काय होते ते आम्ही जाणतो. आदल्या दिवशी फरशी धुतली जाते, मोडक्या यंत्राला रंग लागतो. लपवाछपवी होतेच. पण सातशे वेळा, न सांगता, वाटेल त्या दरवाजाने येणाऱ्या माणसापासून मोठा कारखाना लपवणे सोपे नाही. ब्लिक्स यांना आणखी काही महिने हवे होते. 5 फेब्रुवारी 2003 रोजी परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा समितीला चित्रे व ध्वनिमुद्रणे सादर करून इराकजवळ संहारक अस्त्रे असल्याचे सांगितले, आणि 20 मार्चला युद्ध सुरू झाले. 2004 साली अमेरिकेच्याच तपासमंडळाने, चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालात, सांगून टाकले की अशा अस्त्रांचे साठे तेथे नव्हते. निर्बंध आणि तपासणी यांनी इराकचा तो उद्योग 1990 नंतरच्या दशकातच मोडला होता. पेराँसाहेब पुन्हा एकदा सापडले नाहीत. अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक मेले. इराकी नागरिक, अगदी हात आखडून मोजले तरी, लाखाच्या वर मेले.

आपल्या संसदेने 8 एप्रिल 2003 रोजी या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला. त्याच्या हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द होता आणि त्यावर बराच खल झाला. पुढे अमेरिकेने इराकमध्ये हिंदी फौज मागितली. संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावाचून फौज पाठवता येणार नाही, असे 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने कळवले. हे चांगलेच झाले. पण त्याच एप्रिलात परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हा असेही म्हणाले होते, की अगाऊ कारवाईच करावयाची तर अमेरिकेला इराकविरुद्ध होते त्याहून सबळ कारण भारताला पाकिस्तानविरुद्ध आहे. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, आणि भीतीची गोष्ट ती हीच. एकाने घेतलेली सवलत दुसऱ्याला नाकारता येत नाही. 26 फेब्रुवारी 2019 रोजी बालाकोटच्या कारवाईनंतर आपले परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी जे निवेदन वाचले त्यातही 'अगाऊ' हा शब्द होता. मात्र लक्ष्य सैनिकी नसून दहशतवाद्यांचे तळ होते, असे त्यांनी जपून सांगितले. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा पुतिन यांनीही उद्याच्या धोक्याचीच भाषा वापरली आणि सनदेतल्या स्वसंरक्षणाच्या कलमाचाच हवाला दिला. उत्तर कोरियाने या साऱ्यातून आपला धडा घेतला: बाँब नसलेल्या इराकवर हल्ला झाला, त्याने 2006 साली बाँबचा स्फोटच करून दाखवला. जी शस्त्रे पसरू नयेत म्हणून हा सिद्धांत निघाला, ती बाळगण्याचे सर्वांत सबळ कारणही त्यानेच पुरवले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अणुबाँबच्या युगात काठी उगारलेली दिसेपर्यंत थांबायचे, म्हणजे शहर जळेपर्यंत थांबायचे, असे होणार नाही काय? याचे उत्तर इतकेच, की थांबणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. तपासनीस पाठवणे, मोजणे, सील ठोकणे, व्यापार अडवणे, समितीपुढे खेचणे, हे सारे थांबण्याच्या काळातच करावयाचे असते आणि इराकमध्ये त्याने काम केले होते. उलट 1981 च्या जून महिन्यात इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी बाँब टाकून उडवली, तेव्हा सुरक्षा समितीने अमेरिकेसह एकमताने निषेध केला. आणि इराकचा तो उद्योग बंद न पडता पुढे गुप्तपणे वाढला, हे 1991 नंतरच्या झडतीत उघड झाले.

इराणच्या बाबतीतही धोका कागदी नव्हता. 2025 च्या मेअखेरीस आंतरराष्ट्रीय अणुशक्ती एजन्सीने मोजले तेव्हा साठ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेले युरेनियम इराणजवळ चारशे किलोंहून अधिक होते, आणि एवढ्या शुद्धतेचे कारण साध्या वीजनिर्मितीत सापडत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मात्र अमेरिकेच्याच गुप्तचर प्रमुखांनी आपल्या काँग्रेसपुढे सांगितले होते, की इराण सध्या बाँब बनवीत नाही असे आमचे अनुमान आहे. 13 जूनला इस्रायलने हल्ला सुरू केला; 22 जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ व इस्फहान येथे बाँब टाकले. आपल्याकडे तेलाच्या भावाची चर्चा सुरू झाली, आणि आपल्या भागातून आखाताकडे जाणाऱ्या केळीच्या कंटेनरांचे काय होणार, ही काळजी लागली. इराणने एजन्सीशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासनीस तेहरान सोडून व्हिएन्नाला परतले. हल्ल्यापूर्वी त्या चारशे किलोंचा हिशेब त्यांच्या वहीत होता. पुढे महिने लोटले, तरी तो साठा कोठे आहे आणि किती उरला आहे, हे एजन्सीला स्वतः जाऊन मोजता आलेले नव्हते.